खंडेनवमीला लावलेलं घड्याळ

बेलवलीत त्या वेळी घरोघर हिंडून घड्याळं गोळा केली असती तरी दोन निघाली नसती. आणि चंदर लाईनमनच्या घरात एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी, दोन होती. एक किल्लीचं, दुसरं विजेवर चालणारं. लोक म्हणायचे, वीज कंपनीनं चंदरला जावई करून घेतलाय.

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. आम्ही अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडे, कंपनीच्या सबस्टेशनच्या आवारातल्या खोलीत राहत होतो. आमचे हे तिथे ऑपरेटर होते. ऑपरेटरनं मोठमोठ्या स्विचांसमोर खुर्ची टाकून बसायचं आणि कुठली लाईन गेली, कधी गेली, कधी आली, ते वहीत लिहायचं. सगळे ह्यांना अण्णा म्हणत. मीही इथं अण्णाच लिहिते. पानोपानी 'आमचे हे' लिहायला लागले तर वाचणाऱ्याला वाटेल की मी माझ्याच संसाराची गोष्ट सांगतेय.

अंबरनाथहून निघालेली एक लाईन बदलापुरातून बेलवलीपर्यंत जायची आणि तिथे संपायची. वाटेत सोनिवलीकडे एक फाटा होता. खांब सगळे लाकडी, लढाईच्या दिवसांत घाईनं रोवलेले. वरून डांबर, आतून वाळवी. चंदर चढण्याआधी खांबाच्या बुडाशी पकडीनं ठोकायचा आणि कान लावायचा. "भरीव वाजला तर देव आहे," म्हणायचा. "भोपळ्यावानी वाजला तर देवाचं नाव आहे."

खांब बदला म्हणून तो कितीदा तरी बोलला. पण कागदावर ती लाईन चांगली होती. त्याचं कारण असं की अंबरनाथचा स्विच पडला तरच अण्णांच्या वहीत 'पुरवठा बंद' अशी नोंद व्हायची. तारेवर फांदी पडून दूर बेलवलीकडचा फ्यूज उडाला, तर अंबरनाथच्या स्विचला त्याचा पत्ताही नसायचा. अण्णांच्या वहीत बदलापूर लखलखत असायचं आणि बदलापुरात बायका रॉकेलच्या चिमण्या पुसत असायच्या. मुंबईचं मोठं ऑफिस वाचायचं ते वहीतलं.

त्या साली नवीन इंजिनिअर आले. श्रीपाद नाव. तरुण, उंच, बोलताना समोरच्याच्या गुंडीकडे बघणारे. त्यांनी चंदरचं ऐकून घेतलं, आणि मग त्यांच्या डोक्यात घड्याळाची कल्पना आली. वीज गेली की विजेचं घड्याळ थांबतं, आली की आपोआप पुढे चालू लागतं. म्हणजे जितका वेळ वीज नव्हती, तितकं ते मागे पडतं. शेजारी किल्लीचं घड्याळ बरोबर वेळेवर ठेवलं, तर दोघांतला फरक म्हणजे पावसाळ्याभरात लाईन किती वेळ मेली होती त्याचा हिशेब. लिहायला कुणी नको, फोन करायला कुणी नको.

तसलं घड्याळ शोधायला साहेब अण्णांना घेऊन उल्हासनगरला गेले. तिथला सिंधी दुकानदार हासानंद दुकानातली सगळी घड्याळं काढून बसला, आणि साहेबांना काय पाहिजे ते कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "साहब, सब लोग चलनेवाली घडी माँगता है, आप रुकनेवाली माँगता है!"

मोठ्या ऑफिसनं साहेबांना कबूल केलं होतं, की पावसाळ्याच्या चार महिन्यांत शेवटच्या टोकाला आठ तासांहून जास्त अंधार झाल्याचं सिद्ध करा, सगळे खांब लोखंडी करून देतो. आठ तासांच्या आत असेल तर पुढच्या साली बघू.

"जन्मात पहिल्यांदा," अण्णा म्हणाले, "कंपनीनं उशिराला बक्षीस लावलंय."

लाईनीचं शेवटचं टोक चंदरच्या घराशीच होतं, म्हणून घड्याळं त्याच्या भिंतीवर लागली. घड्याळ मागे पडेल तसे लोखंडी खांब जवळ येणार होते. चंदर ते घड्याळ असं बघायचा जसा शेतकरी आभाळ बघतो.

त्याची बायको विठा. कामाला वाघीण आणि बोलायला दोन माणसांची. मूलबाळ अजून नव्हतं, त्यामुळे तिची सगळी माया नवऱ्यावर, म्हशीवर आणि त्या भिंतीवर. घड्याळाचा खरा हिशेब चंदरनं तिला समजावून सांगितला नव्हता. सांगायचा कसा? वाळवीच्या खांबांवर चढतो हे आधी सांगावं लागलं असतं. "कंपनीचं आहे, हात लावू नको," एवढंच म्हणाला. विठानं आपल्यापुरता दुसराच हिशेब लावला.

"ताई, मला त्याच्यातलं कळतंय," ती मला म्हणाली होती. "ह्ये विजेचं थांबलं ना, का समजायचं धनी खांबावर. चालू झालं का उतरला. मंग मी चहाचं आधण ठेवते. घरात येतो तवा चहा तयार. त्येला वाटतं मी जादू करते."

श्रावणात साहेब स्वतः जाऊन बघून आले. विजेचं घड्याळ साडेचार तासांच्या आसपास मागे होतं. अजून भाद्रपद पुढे होता, आणि भाद्रपदानं हात राखला नाही. घटस्थापनेला चंदर सबस्टेशनवर आला तो हसतच. "अण्णा, नऊच्या वर गेला आकडा! आता दसरा झाला का साहेबांना घेऊन या. वहिनी, तुम्हीपण या. विठानं बोलावलंय."

दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर आम्ही दोघं सोनं द्यायला म्हणून बेलवलीला गेलो. साहेब पुण्याला घरी गेले होते, ते दोन दिवसांनी यायचे होते. अंगण सारवलेलं, दाराला तोरण. आत भिंतीशी पाटावर चंदरची पकड, कमरेचा पट्टा, हातमोजे, शिडीचा दोर, सगळं आदल्या दिवशी पुजलेलं होतं. हळदीकुंकू वाळून गेलं होतं. एरवी त्या पट्ट्याला विठानं हात लावलेला चंदरला खपायचा नाही. पण खंडेनवमीला हत्यारं घरच्या लक्ष्मीनंच धुवायची, पुसायची, पुजायची. तो तिचा मान.

वर भिंतीवर दोन्ही घड्याळांना झेंडूच्या माळा होत्या. मी वर बघितलं. अण्णांनी वर बघितलं. दोन्ही घड्याळांत सव्वातीन वाजले होते.

"कसं दिसतंय?" विठा म्हणाली. तिचं तोंड नुसतं फुललेलं. "हे म्हातारं किती म्हैनं मागं मागं चालत व्हतं. सणावारी खोट्या वेळंची पूजा करायची का? हत्याराला गंज असला तर घासून पुजायचा, मंग घड्याळाला का नाय? शेजारच्यात बघून काटे फिरवले, पार जुळवून टाकलं. आता बघा, जुळ्या बहिणी."

चंदर दारात उभा होता. त्याचं तोंड बघून मी पटकन म्हटलं, "छान केलंस गं."

"बघा! आणि ह्ये कालपासून तोंड पाडून बसलंय. म्हनलं, काय झालं? तर म्हणं दाढ दुखते."

"दुखतेच आहे," चंदर म्हणाला.

आपट्याची पानं दिली, घेतली. तिनं पुरणपोळी वाढली, ती आम्ही तिघांनी खाली माना घालून खाल्ली. दाढ दुखणारा चंदरही दोन पोळ्या खाऊन गेला, विठाला बरं वाटावं म्हणून. निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला.

"अण्णा, काय करायचं?"

"साहेबांना खरं ते सांगू. दुसरं काय."

"सांगा. पण हिला कळता कामा नये." तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्हाला पण सांगतो. हिनं माझ्यासाठी केलंय ते. माझ्या हत्यारांनी मला सांभाळावं म्हणून केलंय. उद्या खांब आले नाहीत, आणि काय वाकडं झालं, तर ती काय घेऊन जगेल? शपथ घ्या."

रस्त्यात उभं राहून मी शपथ घेतली. अण्णा शपथा घेत नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली.

साहेब आल्यावर अण्णांनी सबस्टेशनवर त्यांना काट्यांचं आणि शपथेचं सगळं सांगितलं. मी चहा द्यायला गेले आणि कपबशा आवरण्याच्या निमित्तानं तिथेच रेंगाळले.

"मी माझ्या डोळ्यांनी साडेचार पाहिलेत," साहेब अण्णांच्या गुंडीकडे बघत म्हणाले. "तेवढेच मी लिहू शकतो."

"चंदर नऊ म्हणतोय, साहेब. चंदर खोटं बोलणारा नाही."

"मला माहीत आहे. पण चंदर त्या खांबांवर चढतो. मुंबईला म्हणतील, ज्याला नवे खांब हवेत त्याचाच आकडा कसा धरायचा? म्हणून तर घड्याळ लावलं. माणसावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून."

"मग लिहा की तुम्हीच नऊ पाहिले. कोण बघायला येतंय?"

"अण्णा, एकदा खोटा आकडा घातला की घड्याळाला अर्थ राहत नाही. पुढच्या साली घड्याळ पुन्हा लावू. एकाच पावसाळ्याचा प्रश्न आहे."

ते वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे बेलवलीत त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून कुणालाही वाटेल की ते वाईट होते. त्यांनी साडेचारच लिहिलं. खांब नामंजूर झाले. अण्णा पुढे कित्येक दिवस जेवताना मध्येच म्हणायचे, "एकाच पावसाळ्याचा प्रश्न आहे," आणि ताटाकडे बघत राहायचे.

चंदरनं विठाला सांगितलं की विजेच्या घड्याळात करंट उतरलाय, आता मेलीस तरी हात लावू नको. तेव्हापासून ती घड्याळाशी लांबूनच बोलायची. मागे पडलं की म्हणायची, "झोपलास का रे म्हाताऱ्या?"

दुसरा पावसाळा आला. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सोनिवलीच्या फाट्यावर झाड पडलं आणि तार तुटली. दुपारची वेळ. दौलतरावांच्या भातगिरणीत सोनिवलीतला एकुलता फोन होता, तिथून चंदरनं अण्णांना कळवलं. "फाट्याचं काम आहे, अण्णा. अख्खी लाईन बंद करा. उरकतो लवकर." अण्णांनी स्विच पाडला. आता चंदरचा 'चालू करा' असा फोन येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम.

चंदरबरोबर दुसरा लाईनमन होता, भगवंत. त्यानं नंतर सांगितलं ते असं. चंदरनं खांब ठोकला. आवाज ऐकला. भगवंतनंही ऐकला. "हा नको," भगवंत म्हणाला. "दोर बांधून ताण देऊ आधी." चंदर म्हणाला, दोर आणायला कोण जाणार, अख्खं बदलापूर बंद करून ठेवलंय. मग थुंकला आणि चढला. वर जाऊन पट्टा खांबाभोवती घेतला. तार ओढली तसा खांब बुडातून मोडला. पट्टा बांधलेला असल्यामुळे त्याला उडी मारता आली नाही. पट्टा माणूस पडू नये म्हणून असतो. तो खांबापासून पडला नाही, खांबासकट पडला.

फोन आला तो दौलतरावांचा. अण्णा बाहेर आले, मला काय झालं ते सांगितलं, आणि म्हणाले, "तू जा. मला खुर्ची सोडता येत नाही." मी नेसत्या लुगड्यानिशी स्टेशन गाठलं. बदलापूरला उतरून चिखलातून चालत निघाले. चंदरला तोवर गिरणीच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. काही उरलं नव्हतं. तिथे मी थांबले नाही. विठापाशी आधी पोचायचं होतं.

मधल्या वेळात दौलतरावांनी भगवंतला म्हटलं, की तुटलेला फाटा वेगळा काढता येत असेल तर बाकीची लाईन देऊन टाका, गिरणीत लोकांचं भात ओलं पडलंय. त्यांचंही चूक नव्हतं, भात खरंच ओलं होतं. भगवंतनं फाट्याच्या तारा सोडवल्या आणि अंबरनाथला फोन केला. चंदरऐवजी भगवंत 'चालू करा' म्हणाला, आणि अण्णांनी स्विच चढवला.

मी बेलवलीला अंगणात पाऊल ठेवलं तर घरातून चुलीचा धूर येत होता. विठा दारात आली.

"ताई! बऱ्या आल्यात. बसा, आधण ठेवलंय. ह्ये आत्ताच उतरलं बघा, येतीलच." तिनं आत भिंतीकडे बोट दाखवलं. "लई वेळ लावला आज. चारदा दारात येऊन बघून गेले. आत्ता कुठं चालू झालं."

मी तिला कसं सांगितलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पाणी उकळून उकळून पातेलं करपलं आणि कुणीच ते उतरवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांना विचारलं, वहीत काय लिहिलंत? त्यांनी वही आणून माझ्यापुढे टाकली. 'सोनिवली फाटा. मागणीवरून बंद.' आपण होऊन मागून बंद केलेली लाईन मुंबईचं ऑफिस खंडात धरत नाही. खंड म्हणजे जो अचानक पडतो तो. चंदर खांबाखाली होता तो सगळा वेळ बदलापूरचा पुरवठा कागदावर अखंड होता.

"दुसरं काहीतरी लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू?"

मी वही मिटून त्यांना परत दिली. घड्याळाला मात्र मागणीवरून आणि अचानक हा भेद कळत नाही. त्यानं तोही वेळ धरला. दसऱ्यानंतर साहेबांनी बघितलं तेव्हा ते दहा तासांहून जास्त मागे होतं. ह्या वेळी त्यांनी स्वतः पाहिलं होतं, म्हणून स्वतः लिहिलं, आणि मार्गशीर्षात लोखंडी खांब आले.

बैलगाड्यांतून ते बेलवलीत उतरत होते त्या दिवशी साहेब घड्याळं परत न्यायला चंदरच्या घरी गेले. अण्णा आणि मी बरोबर होतो. विठा ओट्यावर बसली होती, मोकळ्या कपाळानं. साहेबांना बघून उठली नाही. वाडीतल्या बायका खांब बघायला जमलेल्या, त्या कुंपणाशी थांबल्या.

"साहेब," विठा म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा."

"ह्ये लोखंड आता आलं. धनी तर पहिल्या सालापासून मागत व्हतं, भगवंत सांगत व्हता. तवा घड्याळं लावली, तुम्ही येऊन बघितलं, वहीत लिहून नेलं. मंग तवाच का नाय आलं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. लोखंडाला परवाना लागतो, सरकारी कंट्रोल आहे, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिनं मला विचारलं नव्हतं.

साहेबांनी पहिल्यांदाच समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं. "माझ्यामुळं," ते म्हणाले. "माझा कागद वेळेवर गेला नाही. चूक माझी."

विठा उठली. आवाज तिनं चढवला नाही. "कागद," ती म्हणाली. "एक कागद धाडता आला नाय तुम्हाला. तुमच्या बायकोचं कुंकू असंच पुसलं जाईल. माझ्यावानी आधण ठेवून बसंल ती. बसंल आणि तुम्ही येणार नाय."

कुंपणापाशी एक बाई 'अगं बाई' म्हणाली. साहेबांनी दोन्ही घड्याळं काढली, काखेत धरली आणि निघाले. परतताना अण्णा म्हणाले, "साहेब, असं कशाला म्हणालात?"

"साडेचार मीच लिहिले होते, अण्णा. नऊ लिहिता आले असते," ते म्हणाले.

तसली वाक्यं पायी चालत नाहीत. संध्याकाळपर्यंत विठाचं बोलणं अंबरनाथला ऑफिसरांच्या बंगल्यांपाशी पोचलं. साहेबांची बायको, सुहासिनी, तिला सातवा महिना होता. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीवर आली. डोळे सुजलेले.

"वहिनी, ती बाई माझ्या कुंकवावर बोलली. का बोलली? ह्यांना विचारलं तर म्हणतात, तिचा हक्क आहे. कसला हक्क? मला खरं सांगा."

माझी शपथ विठाला न सांगण्याची होती. सुहासिनीला मी सगळं सांगितलं.

ऐकता ऐकता तिचे डोळे कोरडे झाले. "म्हणजे काटे तिनं फिरवले."

"तिनं फिरवले."

"आणि शिव्याशाप आम्हाला? पोटात जीव आहे माझ्या. मी जाऊन सांगते तिला. तिचं तिला कळू दे, आणि तिनं शब्द मागे घ्यावेत."

"सुहासिनीबाई, ती मरेल हो."

"आणि माझ्याकडे मरण बोलावलंय त्याचं काय?"

तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. अडवली तर एकटीच जाईल असं दिसलं, म्हणून म्हटलं, चला, मी येते. बदलापूर स्टेशनवरून टांगा केला. टांग्यात ती एकसारखी पदर सारखा करत होती आणि ओठांतल्या ओठांत काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होती.

विठा अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. "ताई! आणि ह्या कोण?"

सुहासिनी काही म्हणायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "आमच्या शेजारच्या."

विठानं सुहासिनीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिच्या पोटापाशी तिचे डोळे थांबले. तिचा चेहरा इतक्या महिन्यांत असा मऊ झालेला मी पाहिला नव्हता. "अगं माझी बाई, आणि अशा टांग्यात हादरं खात आणलीत हिला? बसा, बसा. भिंतीला टेका. पाणी देऊ? का ताक?"

सुहासिनी बसली. तिनं घरात बघितलं. भिंतीवर दोन गोल पांढुरके डाग राहिले होते, बाकी भिंत धुरानं काळवंडलेली. ताकाचा पेला हातात घेतला आणि नुसताच धरून ठेवला.

"कितवा?"

"सातवा."

"पहिलाच ना? दिसतंयच. घाबरू नका, सुखरूप होतंय सगळं." विठा समोर, पण जरा लांबच बसली, उंबऱ्याच्या पलीकडे, आपली सावली पडू नये अशी. "नवरा काय करतो?"

सुहासिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. तिचे ओठ हलले.

"नोकरीला आहेत," ती म्हणाली. "ऑफिसात."

"बरं हाय. टेबलावरनं कोण पडत नाय." विठा उठली. "ताई, अशी भरल्या पोटाची बाई पहिल्यांदा दारी आली, तिला रिकामी कशी धाडू? माझ्या हातचं चालणार नाय. तुम्ही भरा हिची ओटी. तांदूळ माझे घ्या, सुपातले, नवं भात हाय. नारळ नाय घरात, सुपारी हाय. कुंकू त्या फळीवर, डबीत. मी आता उघडत नाय, पण असंल."

मी डबी उघडली. कुंकू ओल धरून चिकटलं होतं, बोटानं खरवडून काढावं लागलं. सुहासिनीनं पदर पसरला. पदर तिनं नीट धरलाच नव्हता, पहिल्या ओंजळीतले तांदूळ खाली सांडले. विठा लांबून बघत होती. "भरा, भरा, ताई. कंजूषपणा करू नका. पाच ओंजळी घाला."

मी घातल्या. मग कपाळाला कुंकू लावलं, तेही माझ्या बोटातून जास्तच सुटलं. थोडं खाली गळून सुहासिनीच्या नाकावर पडलं.

विठा हसली. चंदर गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं हसली. "नाकावर सांडलं! लाडकी हाय बया नवऱ्याची. लई लाडकी."

सुहासिनीनं नाकावरचं पुसलं नाही. ओटीची गाठ मारली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि मला म्हणाली, "वहिनी, टांगा थांबलाय. निघूया."